या नावाची बाई गावात नाही

माझी मुलगी सुखरूप जन्मली, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावायची मला सवय नाही. माझा स्वतःचा जीव तेव्हा टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट एका पाकिटात मावण्याएवढी होती.

साल सदुसष्ट. अबुधाबीत तेव्हा रस्ते आखलेले होते, बांधलेले नव्हते. बाहेर पडलं की चपलेत वाळू, घरात आलं की भातात वाळू. माझा नवरा खैरुद्दीन एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. आता मी त्याचं नाव बेधडक घेते, तेव्हा घेत नव्हते. ‘हे’ म्हणायचं, आणि हे आतल्या खोलीत असले तर बांगड्या वाजवायच्या. आमच्या रत्नागिरीच्या खाडीपट्टीत बायका असेच संसार करत आल्या आणि त्यांचं काही अडलं नाही, असं मलाही वाटायचं.

एका दुपारी जेवायला आल्यावर खैरुद्दीन म्हणाला, “ऐक. आमच्या इंजिनिअर साहेबांची अम्मा आलीय कलकत्त्याहून. मिसेस अजून तिकडेच आहे, बच्चा लोगांच्या एक्झाम आहेत. म्हातारीला डोळ्याला धड दिसत नाही. साहेब बोलले, तुमची मिसेस सकाळी जरा येऊन बसेल का? मी बोललो, येस सर, नो प्रॉब्लेम.”

“मला न विचारता?”

“अगं, बॉसची आई आहे. यल्ला, चल, भात वाढ.”

मी वाढला, पण पातेलं जरा जोरातच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर कंपनीच्या क्वार्टरमध्ये, खिडकीतल्या एसीपासून लांब, एक चिमुकली म्हातारी पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती. पांढरी साडी, बारीक काळा काठ, बाटलीच्या बुडासारखा चष्मा. घरात दोन सोफे असताना ही ट्रंकेवर का, ते मला फार उशिरा कळलं. तिने मान वर केली आणि विचारलं, “नाव?”

“मी स्टोअरकीपर साहेबांची...”

“कोणाची ते नाही विचारलं. नाव.”

“जैनब.”

“आणि आईचं?”

नाव मला माहीत होतं, पण ते जिभेवर कधी आलंच नव्हतं. माझी अम्मा म्हणजे सगळ्या मोहल्ल्याला ‘तय्यबची आई’. तय्यब माझा मोठा भाऊ. काही जण ‘दाई’ म्हणत, कारण पन्नास वर्षांत निम्मं गाव तिच्या हातांवर जन्माला आलं होतं. अब्बा ‘अगं’ म्हणायचे. तिचं खरं नाव मी एकदाच ऐकलं होतं, आजीने मरताना तिला हाक मारली तेव्हा.

“हव्वाबी,” मी म्हटलं. परक्या बाईच्या दिवाणखान्यात ते नाव घेताना मला आईचा पदर ओढल्यासारखं वाटलं.

“छान,” म्हातारी म्हणाली. “मी लुत्फुन्निसा. आता बस, मा.”

बंगाली लोक लेकीच्या वयाच्या मुलीला लाडाने ‘मा’ म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. दोन पोरं गमावून बसलेल्या बाईला कुणीतरी ‘मा’ म्हणालं आणि मी तिथेच ढसाढसा रडले. पहिल्याच दिवशी, बॉसच्या घरी! मुरमुऱ्यांना मोहरीचं तेल चोळून, वर कांदा घालून तिने माझ्यापुढे वाटी सरकवली. तेलाच्या वासाने डोळ्यांत आणखी पाणी आलं, त्यामुळे रडणं आपोआप झाकलं गेलं.

ती लुत्फा आपा. बंगालमध्ये तिची आठ पुस्तकं छापली होती, तिने मुलींची शाळा काढली होती, तिच्यावर सभांमधून भाषणं झाली होती, बरीचशी शिव्यांची. हे सगळं मला तिच्याच तोंडून कळलं. ती स्वतःचं कौतुक करायला लाजायची नाही, आणि मला ते फार आवडायचं. आम्ही बायका ‘आमचं काय हो’ म्हणत आयुष्य काढतो. आपा म्हणायची, “माझं तिसरं पुस्तक फार चांगलं आहे. सहावं टाकाऊ.” ती हिंदुस्थानी बोलायची, बंगाली वळणाची. मी इथे ते आपल्या भाषेत लिहिते आहे.

पंधरा दिवसांनी तिने फर्मावलं, “मला माझी हकिकत लिहून ठेवायची आहे. डोळे गेले. मी बोलते, तू लिही.”

“आपा, मला बंगाली येत नाही.”

“काय येतं?”

“मराठी. तेही दुसरीपर्यंत. मग शाळेतून काढलं. गंजून गेलंय सगळं.”

“गंज घासला की जातो. मराठीत लिही.”

“पण ते वाचणार कोण?”

“बंगालीत लिहिलेलं लोकांनी वाचलं आणि माझ्या दारावर शेण फेकलं. मराठीत निदान शेण तरी नवीन असेल.”

तर अशी ती हकिकत सुरू झाली, शंभर पानी वहीत, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या. जोडाक्षर आलं की मी अडायचे, आपा थांबायची आणि तेवढ्यात सुपारी कातरून घ्यायची.

तिची पहिली शाळा म्हणजे हळदीची पुडी. घरात मुलींना अक्षर दाखवायचं नाही असा नियम, पण वाण्याकडून मसाले यायचे ते जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्यांत. हळद डब्यात, पुडी आपाच्या ओढणीत. पुडी कापलेली असायची म्हणून बातमी अर्धीच मिळायची. उरलेली अर्धी ती मनाने रचायची. “लेखिका तिथेच झाले,” ती म्हणाली. “पुढे टीकाकार म्हणायचे, बाईंच्या कथांना हळदीचा वास येतो. खोटं नव्हतं.”

चौदाव्या वर्षी लग्न झालं, नदीच्या घाटावरच्या आगबोटीच्या तिकीट मास्तरांशी. माणूस कमी बोलायचा. बायको रात्रंदिवस काय खरडते हे त्याने कधी विचारलं नाही, फक्त दौत रिकामी दिसली की भरून ठेवायचा. एकोणिसाव्या वर्षी तिची गोष्ट मासिकात आली. खाली छापलं होतं, ‘घाटावरील तिकीट मास्तरांच्या बेगम’. आपा दिवसभर रडली. “गोष्ट माझी आणि नाव घाटाचं!” दुसरी गोष्ट तिने स्वतःच्या नावाने पाठवली. मास्तरांच्या साहेबाने त्यांना बोलावून झापलं, की बायकोचं नाव बाजारात मांडता? मास्तर म्हणाले, “नाव तिचं आहे, साहेब. मी दिलेलं नाही. मी कसं काढून घेऊ?”

हे सांगताना आपाचा आवाज अगदी मऊ झाला. घरी गेल्यावर खैरुद्दीनकडे मी निराळ्याच नजरेने पाहिलं, तर तो पाय पसरून घोरत होता.

मास्तर चाळिशीत वारले. आपाने लहान मुलाला कडेवर घेतलं, कलकत्त्याला खोली घेतली आणि मुलींची शाळा काढली. तीन मुली, मग आठ, मग चौदा. पडदा लावलेल्या घोडागाडीतून यायच्या. मुलींच्या वडिलांची एक अट होती: हजेरीत मुलीचं नाव पुकारायचं नाही, गाडीवान ऐकेल. म्हणून हजेरी नंबरांची. नंबर एक, हजर. नंबर दोन, हजर. दोन वर्षं आपाने हे चालवून घेतलं. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने रजिस्टर उघडलं आणि मोठ्याने, दार उघडं ठेवून, चौदा मुलींची चौदा नावं वाचली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तीन मुली आल्या.

आपा अकरा घरांच्या पायऱ्या चढली. चार मुली परत मिळाल्या, सात नाही. सातांतली एक गुलनाहार, नंबर सहा, तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे. तिचे वडील दारात उभे राहून म्हणाले, “कोण गुलनाहार? इथे या नावाचं कुणी नाही.” आणि त्यांच्या मागे, पडद्याआड, बांगड्या वाजत होत्या.

“मी बरोबर होते, मा,” आपा म्हणाली. “पण बरोबर असण्याची किंमत तिने भरली, मी नाही. हे पण लिही. गाळू नकोस.”

मी लिहिलं.

शाळा चालली तीस वर्षं. सेहेचाळीसच्या दंगलीत जळाली. रजिस्टर त्या दिवशी आपाच्या पिशवीत होतं म्हणून वाचलं. तेच त्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं, आणि म्हणून ती ट्रंकेवर बसायची. त्यात सहाशे बारा मुलींची नावं होती. डोळे गेले तरी आपाला ती क्रमाने पाठ होती. दुपारी डुलकी लागण्याआधी ती पुटपुटायची, मी समजायचे वजीफा, म्हणजे जप, चाललाय, आणि ती असायची हजेरी.

आता माझं.

मला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं, अम्माच्या हातांवर आलं, आणि रडलंच नाही. अम्माने त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट मारली, त्याच्या तोंडात फुंकर घातली. तास झाला तरी ती फुंकर घालत होती. आणि मी, तिची पोटची पोर, अंथरुणातून म्हणाले, “सोड त्याला. तुझा हातगुण गेला, अम्मा.”

दाईला असं म्हणायचं नसतं. सुताराला म्हणा, सोनाराला म्हणा, दाईला नाही. अम्माने बाळाला पुसलं, गुंडाळलं आणि पुढे कितीतरी वेळ ती परसात हात धूत बसली होती. मी अबुधाबीला आले. चार महिन्यांनी तय्यबभाईचं पत्र आलं, त्यात एक ओळ होती: ‘अम्माने वयोमानाप्रमाणे दाईपण सोडले आहे.’ वयोमान कसलं! विहिरीवरून दोन हंडे आणणारी बाई ती. तिचे हात मी तोडले होते.

मला तिची माफी मागायची होती. बाळ यायच्या आधी. त्या दोन शब्दांचं ओझं पोटात ठेवून मी बाळंत होणार नव्हते, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पण सांगायचं कसं? आमची पत्रं म्हणजे खैरुद्दीन लिहिणार तय्यबभाईला, ‘आपली बहीण मजेत आहे, अम्माला सलाम’. आणि तय्यबभाई ते ओटीवर बसून वाचणार, चार शेजारी भोवती, आवाज तर असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा. त्यात मी काय सांगू? मी अम्माला काय बोलले होते, ते खैरुद्दीनलाही माहीत नव्हतं.

आपाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “वहीची चाळीस पानं तू माझी लिहिलीस. आता एक तुझं लिही.”

त्या एका पानाला सहा दिवस लागले. वर लिहिलं, ‘शहनाझ, हे तुझ्या दादीला एकटीला वाच, परसात नेऊन.’ शहनाझ म्हणजे तय्यबभाईची मुलगी, चौथीत होती. मग खाली: ‘अम्मा, बाळ तुझ्या हाताने नाही गेलं. मी दुःखाने बोलले आणि तुला लागेल असं बोलले. माझं चुकलं. तुझ्या हातांना काही झालेलं नाही. मला पुन्हा दिवस आहेत. तू मला माफ केलंस एवढं कळव.’ वाचून दाखवलं. आपाने एक शब्दही बदलला नाही.

मग पाकीट आलं. मी ‘तय्यब’ असं पुटपुटत लिहायला घेतलं तर आपाने माझं मनगट धरलं.

“पत्र कोणाला आहे?”

“अम्माला. पण पाकिटावर बाईचं नाव घालत नाहीत, आपा. पोस्टात दहा जण हाताळतात.”

“हाताळू देत. नाव झिजत नाही.”

संध्याकाळी खैरुद्दीनने पाकीट पाहिलं. ‘हव्वाबी यांस’, खाली गाव, तालुका, जिल्हा. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “अगं, तय्यबच्या नावावर टाक ना. पोचेल तरी. पत्र पोचवायचंय की नाव पोचवायचंय?”

“दोन्ही,” मी म्हटलं. दोन महिन्यांत माझी जीभही आपाच्या वळणावर गेली होती.

“खलास. आता घरात दोन-दोन बॉस,” तो म्हणाला, पण पत्र त्याने पोस्टात टाकलं.

एप्रिल गेला, मे गेला. उकाडा असा की नळाचं पाणी चहाला चालावं. मी दिवस मोजत होते, एका हाताने पोट धरून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खैरुद्दीन ऑफिसातून आला आणि दारातच उभा राहिला. त्याच्या हातात माझंच पाकीट होतं. न उघडलेलं. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘या नावाची बाई गावात नाही. परत.’

अक्षर रफिकचं होतं, गावच्या पोस्टमनचं. आमच्या घरापासून सहावं घर त्याचं. रोज आमच्या ओटीवर बसून पाणी प्यायचा, अम्माच्या हातचं. पाणी देणारी ही बाई ‘तय्यबची आई’ आहे, हे त्याला ठाऊक. हव्वाबी कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. विचारलं असेल त्याने, दोन-चार ओट्यांवर विचारलं असेल, आणि अम्माने स्वतः आतून ऐकलं असेल तरी ती ओ द्यायला बाहेर आली नसेल. मला हसू येत होतं आणि तोंड वाकडं होत होतं.

खैरुद्दीन ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याला जन्मभर मानते.

आपाला मी पाकीट दाखवलं, म्हणजे वाचून दाखवलं. ती ट्रंकेवर बसली होती. तिने ते हातात घेतलं, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं, जणू बोटाला दिसणार होतं.

“गुलनाहार,” ती म्हणाली. “तेच वाक्य. पन्नास वर्षांनी तेच वाक्य.” मग तिने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायचा. “माझी चूक झाली, मा. मी माझा हट्ट तुझ्या पाकिटावर लिहिला. तुझे दोन महिने गेले. भावाच्या नावाने टाक. आत्ताच टाक, पोचू दे. पत्र महत्त्वाचं.”

मला सातवा लागला होता. पत्र जायला पंधरा-वीस दिवस, उत्तर यायला तेवढेच. ही एकच खेप उरली होती. आपा म्हणत होती ते शहाणपणाचं होतं. मी नवीन पाकीट घेतलं, तेच पत्र आत घातलं, पेन उघडलं, आणि मला भलताच राग आला. रफिकचा नाही. तो बिचारा नियमाने वागला. राग आला तो गावाचा. एवढ्या पोरांच्या नाळा जिने कापल्या, तिच्या नावापुढे लाल पेन्सिल!

“नाही,” मी म्हटलं.

“ऐक, मा. मी हरले आहे, मला अनुभव आहे.”

“तुम्ही कलकत्त्यात हरलात. हा रफिक आमचा आहे. तो कसा जन्मला ते मला माहीत आहे.”

आणि मी लिहिलं. पाकिटाच्या पुढे पुन्हा तेच, ‘हव्वाबी यांस’. पण मागची बाजू सगळी भरून काढली:

‘रफिक पोस्टमनभाई, सलाम. तू पायाळू जन्मलास. दोन दिवस तुझ्या अम्माजवळ बसून, भाकरतुकडा न खाता, जिने तुला या जगात ओढून आणलं, तिचं नाव हव्वाबी. तू रोज तिच्या हातचं पाणी पितोस. पत्र दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. नाव घेऊन हाक मार आणि तिच्याच हातात दे.’

वाचून दाखवल्यावर आपा इतकी हसली की तिला उचकी लागली. म्हणाली, “आठ पुस्तकं लिहिली, पण एवढ्या जागेत एवढं मला कधी जमलं नाही.” बायकांच्या कौतुकात किंचित हेवा असला की ते कौतुक खरं असतं. त्या दिवशी मी घरी तरंगत गेले, सातव्या महिन्यातलं पोट घेऊन.

पण ते तरंगणं आठवडाभरच टिकलं. मग धाकधूक. पाकिटावर पोस्टमनला दटावणं ही काय रीत झाली? त्याने रागाने फाडून टाकलं तर? तय्यबभाईकडे दिलं आणि त्याने ओटीवर वाचलं तर? पाय सुजले, झोप उडाली. आपाची हकिकत आम्ही पुढे नेत होतो, पण दोघींचं लक्ष नव्हतं. मी एकच ओळ दोनदा लिहायचे आणि आपालाही ते कळायचं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला, नववा लागून आठवडा झाला असेल, खैरुद्दीन भर दुपारी घरी आला. घामाने निथळत होता आणि चेहऱ्यावर लाजल्यासारखं काहीतरी.

“आज ऑफिसात काय तमाशा झाला, सांगू? मेल आली. क्लार्कने पाकीट उचललं आणि ओरडला, ‘जैनब कौन है? हू इज जैनब?’ कंपनीचा पोस्ट बॉक्स, सगळे मर्द लोक. मी हात वर केला.”

“तुम्ही?”

“सगळे हसले. मी पण हसलो. मग बोललो, माझी बायको आहे. तिचं लेटर आहे.” त्याने खिशातून पाकीट काढलं. “घे. जैनब.”

‘अगं’ऐवजी माझं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पाकीट मी तिथे फोडलं नाही. त्याला भात वाढला आणि तशीच उन्हातून आपाकडे गेले. एकटीने वाचायची हिंमत नव्हती.

आपाने मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः ट्रंकेवर बसून म्हणाली, “वाच.”

शहनाझचं अक्षर चौथीचं, गोल गोल. माझ्यापेक्षा चांगलं.

‘प्यारी जैनब, मी सांगते आणि शहनाझ लिहिते. रफिक दारात आला आणि हव्वाबी म्हणून हाक मारली. मी आत भाकऱ्या थापत होते. मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतो. त्याने तीनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी मला आठवलं की ती मीच. मी ओ दिली. पोरगा दारात उभा राहून रडत होता. म्हणाला, खाला, मला माफ करा, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मीच विसरले होते, तू कुठून लक्षात ठेवणार.

‘बेटा, तू बोललीस ते मला लागलं. खोटं कशाला सांगू. पण मीही माझ्या आईला असं बोलले होते, माझं पहिलं गेलं तेव्हा. तिला सांगायचं राहून गेलं. तू सांगितलंस. मी माफ केलं, आता तूही स्वतःला कर. तुझ्या पत्रानंतर दोन दिवसांनी मोहल्ल्यातल्या ताजबीच्या सुनेला कळा लागल्या. मी गेले. मुलगा झाला, फार ओरडतो.

‘माझे हात तिथपर्यंत पोचत नाहीत म्हणून लिहून पाठवते. कळा सुरू झाल्या की पडून राहू नकोस, चालत राहा. डॉक्टरीण रागावली तरी चाल. दात आवळू नकोस, तोंड उघडं ठेव. भीती वाटली तर मला हाक मार. अम्मा म्हणून मार की नावाने मार. मी ओ देईन.’

शेवटच्या ओळी मी कशा वाचल्या मला आठवत नाही. बहुधा वाचल्याच नाहीत, नुसत्या हुंदक्यांतून सांगितल्या. आपा उठली होती. ती ट्रंकेपुढे गुडघ्यांवर बसून आत चाचपडत होती. साड्यांच्या खालून तिने ते रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं, मांडी उरली होती तेवढ्यात, आणि पानं उलटत शेवटाशी आली. बंगाली अक्षरांच्या ओळी संपून जिथे कोरा कागद सुरू होत होता, तिथे तिने बोट टेकवलं. डोळ्यांना दिसत नसताना तिला ती जागा बरोबर सापडली.

“लिही. नंबर सहाशे तेरा. तुझ्या अम्माचं नाव.”

“आपा, मराठीत?”

“तुला येतं त्यात.”

मी लिहिलं. एकवीस वर्षं बंद पडलेल्या शाळेच्या रजिस्टरात, सहाशे बारा बंगाली मुलींच्या खाली, माझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात.

आपा सरळ उभी राहिली. पदर नीट केला. तिने समोर पाहिलं, तिथे खिडकी होती, खिडकीबाहेर नुसती वाळू आणि ऊन, आणि शाळेच्या बाईंच्या खणखणीत आवाजात, दाराबाहेरच्या गाडीवानालाही ऐकू जाईल अशा आवाजात, तिने हजेरी घेतली.

“हव्वाबी!”

पोटात बाळाने ढुशी मारली. दुसऱ्याच्या हजेरीला ओ देणाऱ्या मुलीला आपा शाळेत बाकावर उभी करायची, हे मीच तिच्या हकिकतीत लिहिलं होतं. तरी मी सोफ्याला धरून उठले आणि म्हटलं,

“हजर.”